स्वतःविषयी स्वतःची साक्ष

अंबरनाथ स्थानकाच्या पूर्वेस उतरून आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीच्या दिशेने निघाले की पालेगाव लागते. एकीकडे जुनी घरे, दुसरीकडे कारखान्यांच्या शेड आणि या दोहोंच्या डोक्यावरून पाहणाऱ्या नव्या उंच इमारती, असे या गावाचे आजचे रूप आहे. मुंबईत घर घेणे आवाक्याबाहेर गेले म्हणून आलेली वसईची, गोव्याची, मंगळूरची, अहिल्यानगरकडची कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे या इमारतींत विसावली आहेत. घरे आशीर्वादित करण्याच्या निमित्ताने त्यांचे जिने मी पुष्कळदा चढलो आहे. नव्या घराच्या भिंतींना अजून रंगाचा वास येत असतो, वेदीवर क्रूस आणि मेणबत्ती मांडलेली असते आणि प्रार्थना संपली की चहाबरोबर कर्जाच्या हप्त्यांच्या गोष्टी निघतात. धर्मगुरूला माणसांच्या श्रद्धेइतकीच त्यांच्या हप्त्यांचीही माहिती असते, हे फारसे कुणी लक्षात घेत नाही.

अशाच एका दोन खोल्यांच्या घराविषयी मला आज लिहायचे आहे. त्या घरातील भगिनींनी लिहिण्यास अनुमती दिली आहे; मात्र नाव देऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. ज्याच्याविषयी लिहिणार आहे त्या तरुणाचेही नाव मी देणार नाही, कारण माझे गाऱ्हाणे त्याच्याविषयी जितके आहे त्याहून अधिक ते माझ्या स्वतःविषयी आहे.

या भगिनींचे यजमान रसायनांच्या एका कारखान्यात कामाला होते. २०२०च्या टाळेबंदीनंतर तेथील पाळ्या कमी झाल्या आणि पगार निम्म्यावर आला. बाईंच्या हाताला चव होती. आईकडून शिकलेले कुलकुल, नेवऱ्या, दोदोल आणि नाताळचा प्लम केक त्या आजवर घरापुरतेच करीत असत. आता त्यांनी ते विकावयास आरंभ केला. मुलीने इन्स्टाग्रामवर त्यांच्या नावाचे एक खाते उघडून दिले. त्यावर त्या केकचे छायाचित्र टाकीत आणि खाली किंमत व आपला दूरध्वनी क्रमांक लिहीत. ते पाहणारी माणसे होती अवघी २१२, तीही बहुतेक आमच्या धर्मग्रामातली आणि त्यांच्या इमारतीतली. तरीही २०२२च्या नाताळात त्यांना ३१ घरांची मागणी आली. त्या वर्षी मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर त्या मला म्हणाल्या होत्या, “फादर, या वर्षी मुलीची फी कुणाकडे न मागता भरली.” ते वाक्य त्यांनी ज्या ताठ मानेने उच्चारले, ती मान मला अजून आठवते.

पुढच्या वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या सणाला एक तरुण आला. वय पंचवीसच्या आसपास, बोलणे आर्जवी, हातात ड्रोन. मिरवणुकीचे त्याने आकाशातून चित्रीकरण केले, त्याला संगीत जोडले आणि दोन दिवसांत ती चित्रफीत सर्वांच्या भ्रमणध्वनीवर फिरू लागली. आपलेच चर्च, आपलीच माणसे इतक्या उंचावरून पाहून लोक हरखून गेले. खरे सांगायचे तर मीही हरखलो. त्याच्या ओळखपत्रिकेवर ‘सोशल मीडिया एक्स्पर्ट’ असे छापलेले होते. त्याच्या खात्यावर दहा हजारांहून अधिक अनुयायी होते. पुढच्या रविवारी मिस्सेनंतरच्या सूचनांच्या वेळी मी त्याला पाच मिनिटे बोलू दिले आणि तो बोलून झाल्यावर स्वतःचे एक वाक्य जोडले, “आपल्यातील लहान व्यावसायिकांनी या तरुणाचे मार्गदर्शन जरूर घ्यावे.”

त्याने याआधी कुणासाठी काम केले, त्यातून त्या माणसाचा धंदा वाढला काय, हे मी त्याला विचारले नव्हते. मी पाहिले होते ते इतकेच की त्याला चित्रफीत चांगली करता येते. चित्रफीत करणे ही एक कला आहे आणि दुसऱ्याचा माल विकून देणे ही निराळी विद्या आहे, एवढा साधा विवेक मला त्या क्षणी राहिला नाही. गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला एक लॅटिन सूत्र पाठ करावे लागे: नेमो दात क्वोद नॉन हाबेत. म्हणजे, जवळ नाही ते कुणीही दुसऱ्याला देऊ शकत नाही. परीक्षेत त्या सूत्रावर मी चांगले गुण मिळविले होते. वेदीजवळ उभा असताना ते मला आठवले नाही.

बाईंनी त्या तरुणाला काम दिले. महिना सहा हजार रुपये, तीन महिन्यांचे आगाऊ; शिवाय जाहिरातीचा खर्च म्हणून बारा हजार. एकूण तीस हजार रुपये. त्यासाठी त्यांनी आईच्या दोन बांगड्या गहाण टाकल्या, हे मला फार नंतर समजले.

दीड महिन्यात २१२चे ११,४०० झाले. बाई तो आकडा दाखवावयास पुस्तके ठेवण्याच्या खोलीपर्यंत आल्या आणि मी त्यांचे अभिनंदन केले. खात्यावर आता रोज नव्या चित्रफिती दिसत होत्या. हळुवार पडणारी साखर, फिरणारा केक, इंग्रजी गाणे. सारे देखणे होते. किंमत मात्र कुठे लिहिलेली नव्हती आणि दूरध्वनी क्रमांकही नव्हता, कारण त्या तरुणाच्या मते त्याने ‘ब्रँड’ स्वस्त दिसतो. ज्यांना केक हवा असेल त्यांनी संदेश पाठवावा असे लिहिलेले होते आणि ते संदेश वाचण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले होते.

२०२३च्या नाताळात बाईंना १९ मागण्या आल्या. मागील वर्षाहून बाराने कमी.

आमच्या धर्मग्रामातला एक तरुण अंधेरीत जाहिरातीच्या व्यवसायात नोकरी करतो. नाताळच्या आठवड्यात मी त्याला बाईंकडे घेऊन गेलो. त्याने त्यांचा भ्रमणध्वनी हातात घेतला आणि अनुयायी कोणत्या शहरांतले आहेत ते दाखविणारे पान उघडले. व्यावसायिक खात्याच्या धन्याला ते पान फुकट पाहता येते; बाईंना ते आहे हेच ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. वरच्या शहरांमध्ये अंबरनाथ नव्हते, बदलापूर नव्हते, उल्हासनगर नव्हते, कल्याणही नव्हते. होती ती दूर देशांतली शहरे, जेथून पालेगावला केक घ्यायला कुणी येणार नव्हते. त्याने दहाबारा अनुयायांची नावे उघडून दाखविली. कुणाला चेहरा नव्हता, कुणाच्या नावापुढे आकड्यांची शेपटी होती, कुणाचे स्वतःचे एकही छायाचित्र नव्हते. “फादर, ही माणसे नाहीत,” तो म्हणाला. “ही विकत घेतलेली संख्या आहे.” मग त्याने न वाचलेले संदेश उघडले. त्यांत आमच्याच धर्मग्रामातील सात कुटुंबांची विचारणा होती. उत्तर कुणालाच गेले नव्हते.

जानेवारीत बाईंनी पुढचे तीन महिने नको म्हणून कळविले. दुसऱ्या दिवशी त्यांना खाते उघडेना. परवलीचा शब्द बदलला होता. खात्याला जोडलेला दूरध्वनी आणि ई-मेलही ‘सोयीसाठी’ म्हणून त्या तरुणाने आपलेच घातले होते. काही आठवड्यांनी ते खाते दिसले तेव्हा त्याचे नाव बदललेले होते आणि त्यावर कुणा दुसऱ्याच्या कपड्यांची जाहिरात चालू होती. अकरा हजारांचा तो आकडा त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला असावा. बाईंची तीन वर्षांची छायाचित्रे आणि गिऱ्हाइकांनी लिहिलेले चार चांगले शब्द त्याबरोबर गेले. मी दूरध्वनी केला तर तो उचलेना. पुढे तो राहती जागा सोडून गेल्याचे कळले.

त्या संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्या एवढेच म्हणाल्या, “फादर, तुम्ही सांगितलेत म्हणून...” आणि थांबल्या. पुढचे शब्द त्यांनी माझ्या मानासाठी गिळले.

तेव्हापासून मी या विषयाची माहिती मिळवीत आहे. जे कळले ते आपल्या कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडतो.

प्रथम हे कळले की पालेगावात घडले ते जगावेगळे नव्हते. जुलै २०२०मध्ये पार्श्वगायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावे कुणीतरी बनावट खाते चालवीत असल्याच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांनी तपास केला, तेव्हा बनावट अनुयायी विकण्याचा एक पद्धतशीर व्यापारच त्यांच्या हाती लागला. त्याआधी जानेवारी २०१८मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने देवूमी नावाच्या अमेरिकन कंपनीचा असाच व्यापार उघडकीस आणला होता. खेळाडू, नट, राजकारणी, धंदेवाले असे नाना प्रकारचे लोक तिचे गिऱ्हाईक होते. ऑक्टोबर २०१९मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने त्या प्रकरणात २५ लाख डॉलरच्या निवाड्याची तडजोड जाहीर केली आणि ऑगस्ट २०२४मध्ये तर बनावट परीक्षणांबरोबरच व्यापारी हेतूने जाणूनबुजून बनावट अनुयायी विकणे व विकत घेणे यांवर बंदी घालणारा नियमच केला. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२२मध्ये भारतीय मानक ब्यूरोची ग्राहकांच्या ऑनलाइन परीक्षणांविषयीची मानके जाहीर झाली. अर्थात, ज्या संख्येपुढे आपण मान तुकवितो ती संख्या बाजारात किलोने मिळते, हे शासनांनाही मान्य करावे लागले आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. डॉक्टर होण्यासाठी वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव असावे लागते. वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते. हिशेब तपासणाऱ्या चार्टर्ड अकाउंटंटसाठी १९४९चा कायदा आहे. पैसे गुंतविण्याचा सल्ला देणाऱ्याने सेबीकडे नोंदणी करावी लागते. ऑक्टोबर २०२३मध्ये समाजमाध्यमांवर शेअर बाजाराचा गुरू म्हणून मिरविणाऱ्या एकाला नोंदणीवाचून सल्ले दिल्याबद्दल १७ कोटी २० लाख रुपये जमा करण्याचा आदेश सेबीने दिला, तो या नोंदणीच्याच बळावर. परंतु ‘सोशल मीडिया एक्स्पर्ट’ होण्यासाठी अशी कोणतीही नोंदवही नाही, परिषद नाही, सनद नाही. ओळखपत्रिका छापणाराच काय ती पदवी देतो. याचा अर्थ या क्षेत्रात जाणकार नाहीत असा मुळीच नव्हे. जाणकार आहेत आणि चांगले आहेत. अर्थ एवढाच की येथे पारख करण्याचे जे काम इतरत्र परिषद करते, ते काम देणाऱ्याला स्वतः करावे लागते.

योहानलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू स्वतःविषयीच्या स्वतःच्या साक्षीवर विसंबत नाही. तो योहानाची साक्ष, आपल्या कार्यांची साक्ष आणि पित्याची साक्ष पुढे करतो. जुन्या करारातल्या नियमशास्त्रातही दोघातिघा साक्षीदारांवाचून गोष्ट सिद्ध मानीत नसत. आम्ही हा उतारा किती वेळा वाचला आहे! पण अंगणात आलेल्या ड्रोनवाल्या तरुणाला मात्र मी त्याच्याच साक्षीवर प्रमाणपत्र देऊन टाकले. उलट त्याची साक्ष कच्ची होती ती माझ्या शब्दाने पक्की झाली.

आमच्या या परिसराला वेष्टनावरच्या अक्षरांची गोष्ट नवी नाही. शेजारचे उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी लष्कराच्या जुन्या छावणीत उभे केलेले गाव. १९४९मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. तेथल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असे लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा असतो, हा विनोद आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहे. परंतु जुन्या गिऱ्हाइकांना विचारा. ते सांगतील की तेथे वस्तू घेताना कुणी अक्षरे वाचीत नसे. शिवण ओढून पाहत, कापड चोळून पाहत, पंखा लावून पाहत. वेष्टनाला हसून माल तपासण्याची ही सवय आमच्या रक्तात होती. वेष्टन काचेच्या पडद्यावर आले तेव्हा आम्ही ती कशी विसरलो, हे मला कोडे आहे.

मग या मालाची शिवण ओढून पाहायची ती कशी? अंधेरीच्या त्या तरुणाने मला जे समजाविले ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

काम मागणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या अनुयायांची संख्या विचारू नये. त्याने ज्यांचे काम केले अशा दोघातिघा लहान व्यावसायिकांचे पत्ते मागावेत आणि त्यांना तो जवळ नसताना भेटून एकच विचारावे: तुमची मागणी किती होती आणि किती झाली? तो आकडे दाखवू लागला तर कोणता आकडा कशाचा, हे त्याच्याचकडून मराठीत समजून घ्यावे. एखादी जाहिरात पडद्यावर किती वेळा आली हा एक आकडा असतो. ती किती निरनिराळ्या माणसांपर्यंत पोहोचली हा दुसरा. आणि त्यांतल्या कितीजणांनी दूरध्वनी केला हा तिसरा. एकाच माणसाने दहा वेळा पाहिले तरी पहिला आकडा दहाने वाढतो. दुकान चालते ते तिसऱ्या आकड्यावर. जो पहिल्या आकड्याविषयी भरभरून बोलतो आणि तिसऱ्याचे नाव काढीत नाही, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

गुगलच्या शोधात तुम्हांला पहिल्या क्रमांकावर आणून दाखवितो, अशी हमी कुणी दिली तर त्याच ठिकाणी उठावे. अशी हमी कुणालाही देता येत नाही, असे गुगलनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितले आहे. गुगलच्या नकाशावर आपल्या दुकानाची नोंद करण्यास एक पैसाही लागत नाही. कुणी त्याचे पैसे मागितले तर ते त्याच्या वेळेचे आहेत, नोंदीचे नाहीत, हे ओळखून असावे.

आणि किल्ल्या. खाते आपल्या दूरध्वनीवर, आपल्या ई-मेलवर उघडावे. जाहिरातीचे पैसे आपल्या नावाच्या खात्यातून थेट त्या कंपनीला जावेत, मध्यस्थाच्या हातून नव्हे. म्हणजे किती खर्च झाले ते आपल्यालाच दिसते. कामकऱ्याला खात्यात कामापुरता प्रवेश देण्याची सोय फेसबुकच्या व्यवसाय खात्यात असते. काम संपले की तो प्रवेश काढून घेता येतो. परवलीचा शब्द मात्र कुणालाही देऊ नये. घर रंगविणाऱ्याला आपण दार उघडून देतो, घराचे कागद त्याच्या नावावर करीत नाही. फसगत झालीच तर गप्प बसू नये: पैसे ऑनलाइन लुबाडले गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे आणि विकत घेतलेल्या सेवेविषयी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर. आम्ही कळविण्यास फार उशीर केला. लाज आडवी आली. बाईंना फसल्याची लाज वाटत होती आणि मला फसविण्यास हातभार लावल्याची.

या सर्वांच्या आधी एक हिशेब असतो, जो त्या तरुणाने केला नाही, बाईंनी केला नाही आणि मीही करावयास सांगितला नाही. तो आम्हांला शिकविला बदलापूरच्या एका मुलीने. ती लहान दुकानांसाठी हेच काम करते. अंधेरीच्या तरुणाने तिचे नाव सुचविले तेव्हा मी, दूध पोळलेला माणूस, तिच्या जुन्या दोन गिऱ्हाइकांना जाऊन भेटून आलो. एक चष्म्याचे दुकान, एक पिठाची गिरणी. दोघांनीही तिची थोडी तक्रार केली आणि पुष्कळ स्तुती केली. ते ऐकून मला धीर आला.

ती पालेगावला आली आणि तिने पहिल्या अर्ध्या तासात इन्स्टाग्रामचे नावही काढले नाही. तिने विचारले की अन्नपदार्थांची एफएसएसएआयची नोंदणी केली आहे काय. केली नव्हती, ती आधी करा, म्हणाली. मग तिने विचारले की एका केकमागे खर्च जाऊन काय उरते. दीडशे रुपये. ओव्हनमध्ये दिवसाला किती होतात? घरचे सारे पाहून सहा. तिने कागदावर लिहिले: एक ते चोवीस डिसेंबर, दिवसाला सहा, म्हणजे १४४ केक, १४४ गुणिले १५० म्हणजे २१,६०० रुपये. आणि मागच्या वर्षी जाहिरातीवर दिले ३०,०००. “आंटी,” ती हळूच म्हणाली, “तो माणूस प्रामाणिक असता आणि तुमचा एकेक केक विकला गेला असता, तरी त्या नाताळात तुम्ही तोट्यातच गेला असता.”

आम्ही दोघेही त्या कागदाकडे पाहत राहिलो. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा प्रभूचा दृष्टान्त लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आहे आणि त्यावर मी निदान दहा प्रवचने दिली असतील. पेन्सिल घेऊन मात्र कधी बसलो नव्हतो.

त्या मुलीने तीन हजार रुपये घेतले. बाईंच्याच भ्रमणध्वनीवर तिने व्यवसायाचे व्हॉट्सअ‍ॅप सुरू करून दिले, त्यात पदार्थांची किमतींसह यादी लावली, गुगलच्या नकाशावर नोंद केली आणि नवे खाते उघडून त्याच्या किल्ल्या बाईंच्या हाती दिल्या. जाहिरात तिने करूच दिली नाही. “तुमचा केक पाच किलोमीटरच्या पलीकडे जाणार नाही, मग पलीकडच्या माणसाला दाखवून काय करायचे?” असे ती म्हणाली. शेवटी तिने सांगितले ते मला विशेष भावले: “मागणी दुप्पट होईल असे मी म्हणणार नाही. मागच्या वर्षी जे विचारून गेले त्यांना उत्तर मिळेल, एवढे नक्की.” जाणत्याची ही एक खूण मी तेव्हापासून लक्षात ठेवली आहे. आपल्याला काय येत नाही, हे तो न विचारता सांगतो.

२०२४च्या नाताळात बाईंना ३८ मागण्या आल्या. चमत्कार घडला नाही. एक बांगडी सुटली, दुसरी सुटायला आणखी काही महिने लागले.

माझे प्रायश्चित्त मात्र त्याआधीच व्हायला हवे होते. त्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, मिस्सेनंतरच्या सूचनांच्या वेळी, ज्या ठिकाणी उभे राहून मी त्या तरुणाची शिफारस केली होती त्याच ठिकाणी उभे राहून मी सांगितले की ती शिफारस मी चौकशी न करता केली होती, ती चुकीची होती, आणि तिच्यामुळे आपल्यातल्या एका कुटुंबाचे नुकसान झाले आहे. कुणाचे, ते सांगितले नाही. चर्चमध्ये शांतता होती. मिस्सेनंतर तिघेजण मला आत येऊन भेटले: एक रिक्षावाले, एक शिवणकाम करणारी भगिनी आणि एक निवृत्त शिक्षक. तिघांनीही त्याच तरुणाला पैसे दिले होते. तिघांनीही ते घरी सांगितले नव्हते. तिघांचेही पहिले वाक्य जवळजवळ एकच होते आणि ते मी याआधी ऐकलेले होते.

म्हणून, वाचकहो, जाणकारांपासून सावध राहा एवढेच सांगण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. धंदा वाढवू पाहणाऱ्याने परीक्षा घ्यावी, चौकशी करावी, हिशेब मांडावा, किल्ल्या जवळ ठेवाव्यात, हे तर आहेच. परंतु ज्यांच्या शब्दाला गावात काही मोल आहे अशांनी, धर्मगुरूंनी, शिक्षकांनी, मंडळांच्या अध्यक्षांनी, घरातल्या वडीलधाऱ्यांनी, तो शब्द कुणाच्या हाती देण्यापूर्वी अधिकच चौकशी करावी. बाईंनी त्या तरुणावर विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी माझ्यावर ठेवला होता.

आता कुणी ओळखपत्रिका घेऊन आले आणि सूचनांच्या वेळी दोन शब्द बोलू द्या म्हणाले, तर मी त्याला बसवितो, चहा देतो आणि त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते मागतो. बहुतेकजण पुन्हा येत नाहीत. जे पत्ते देतात त्यांच्यासाठी मी एक दुपार काढतो आणि जाऊन येतो.